एका हाताची नेमबाजी

माझ्या नवऱ्याला माझं पिस्तूल कधीच आवडलं नाही. घरात ते ठेवायला तिजोरी बसवली तेव्हा गडी कितीतरी दिवस तोंड फुगवून होता. "पुण्यात झुरळ दिसलं तरी मला हाक मारायचीस, आणि इथे गोळ्या झाडणार?" असं म्हणाला होता. तोच माणूस एका शनिवारी पोह्यांवर खोबरं पेरता पेरता म्हणाला, "अगं, ते एका हातानं मारतात ना, शांत उभं राहून, ते करून बघ की एकदा. बरं वाटेल तुला."

मी चमचा खाली ठेवला. एका हातानं मारतात, हे याला सांगितलं कुणी?

आमच्या पामर्स्टन नॉर्थच्या क्लबात मी खेळते तो प्रकार धावपळीचा. कमरेला पट्टा, उजवीकडे पिस्तूल, डावीकडे गोळ्या भरलेली मॅगझिन ठेवायचे प्लास्टिकचे खण. दोन्ही हात सैल सोडून उभं राहायचं, टायमर वाजला की पिस्तूल काढायचं आणि पळत, वाकत, फळ्यांच्या आडून कागदी लक्ष्यं टिपायची. आठवडाभर मी प्रयोगशाळेत दुधाचे नमुने तपासते. रविवारी मात्र माझ्या निम्म्या वयाच्या पोरांना घाम फोडते, आणि त्याचा मला माज आहे, कशाला खोटं बोलू? उन्हाळ्यातल्या क्राइस्टचर्चच्या मॅचसाठी क्लबाची टीम निवडायची होती. त्यात माझी जागा जवळजवळ पक्की होती. तीच कुणीतरी काढून घेईल, ही धास्ती मला रात्रंदिवस होती.

एका हाताची नेमबाजी म्हणजे बाकासमोर खांबासारखं उभं राहायचं, दुसरा हात खिशात घालायचा आणि श्वास धरून एकेक गोळी मारायची. आमच्या क्लबातला म्हातारा प्रशिक्षक त्या प्रकाराला 'बिअरविना मासेमारी' म्हणायचा. गेली कित्येक वर्षं टायमर घेऊन माझ्या पाठीशी उभा राहणारा तोच. टायमर धरणाऱ्यानं लक्ष्याकडे बघायचं नसतं, नेमबाजाच्या हातांकडे बघायचं असतं. बोट कुठे आहे, नळी कुठे वळतेय, यावर नजर. त्यामुळे मी किती सुंदर मारलं हे त्या बिचाऱ्यानं कधी पाहिलेलंच नाही.

तर दुसऱ्या दिवशी हाच म्हातारा मला म्हणतो, "एका हाताचं गिव्ह इट अ गो. पुढच्या रविवारी ये."

आदल्या दिवशी नवरा, आज हा! मी दुधखुळी आहे का? कुठेतरी पाणी मुरत होतं. त्यात संध्याकाळी फ्लॅट बुशला राहणाऱ्या मुलीचा फोन. "मम, हर्ड यू आर ट्राइंग द स्लो वन. स्वीट अ‍ॅज!" म्हणजे इकडच्या बोलीत 'झकास'. मी कुणाकडे अवाक्षर काढलं नव्हतं. जायचं की नाही हेसुद्धा ठरवलं नव्हतं.

मग मी नवऱ्यावर नजर ठेवायला लागले. त्याचा फोन वाजला की तो उठून गॅरेजमध्ये जायचा. गॅरेजमध्ये जाऊन बोलणाऱ्या नवऱ्यावर विश्वास ठेवू नये, हे काय मला कुणी शिकवायला हवं? "कोण होतं रे?" विचारलं तर म्हणाला, "कारचा इन्शुरन्स." इन्शुरन्सवाले रात्रीच्या जेवणाच्या वेळी! हॉस्पिटलच्या फार्मसीत दिवसभर लोकांशी खरं बोलणारा माणूस, पण घरी साळसूदपणे एकामागून एक थापा मारत होता. मला वेगळाच संशय आला असता, पण एकदा फोन टेबलावर असताना वाजला आणि मी नंबर पाहिला. म्हाताऱ्याचा!

झालं, सगळं लख्ख दिसलं. हिचं वय झालं म्हणून हिला गोड बोलून बाकासमोर नेऊन उभं करायचं, टीममधली जागा एखाद्या पोराला द्यायची आणि वर्षभरात तिजोरीच घराबाहेर काढायची. म्हाताऱ्याला टीम हवी होती, नवऱ्याला तिजोरी नको होती. असं त्यांचं संगनमत. म्हटलं, थांबा लेको, एका हातानंही सगळ्यांच्या नाकावर टिच्चून मारून दाखवते.

रविवारी नवरा म्हणाला, "मीही येतो." आजवर रेंजचं तोंड न पाहिलेला माणूस! घडीची खुर्ची आणि चहाचा थर्मास घेऊन गाडीत बसला.

तिथे गेल्यावर कळलं की मी सवयीनं अख्खा पट्टा बांधून आले होते. त्या शांत मंडळींत मी एकटीच लढाईला निघालेली. पिस्तूल बाकावर ठेवायचं असतं, मग पट्टा हवाय कशाला? डाव्या खिशावर तर मॅगझिनचे खणच आलेले. "सोडते पट्टा," मी म्हटलं. म्हातारा घाईघाईनं म्हणाला, "राहू दे. पहिल्या फेरीला डावा हात नुसता सोडून उभी राहा."

बाकी सगळ्यांचा हात खिशात, आणि माझाच तेवढा बाहेर? मुद्दाम चुकीचं शिकवतोय मेला, असं मनात आलं. पण मी हट्टाला पेटले होते. म्हटलं, असं तर असं.

कानावर इलेक्ट्रॉनिक मफ्स होते. ते गोळीचा आवाज दाबतात आणि बारीकसारीक आवाज मोठे करतात. मागे कुणी लिमलेटच्या गोळीचा कागद सोडला तरी ऐकू येतो. मी पिस्तूल उचललं, श्वास धरला. टक टक टक टक. मागे कुणीतरी काहीतरी वाजवत होतं. गोळी पार कडेला गेली. पुन्हा उचललं. टक टक टक टक. माझं टाळकंच सरकलं. पिस्तूल नीट बाकावर ठेवलं, वळले आणि चक्क मराठीत ओरडले, "कोण टकटक करतंय ते?"

म्हाताऱ्याचे दोन्ही हात जाकिटात होते. नवऱ्यानं दोन्ही हातांनी कप धरला होता. आणि दोघंही एकाच ठिकाणी बघत होते. माझ्या लक्ष्याकडे नाही, माझ्या तोंडाकडेही नाही. मी खाली पाहिलं.

माझा डावा हात मांडीशी लोंबत होता आणि अंगठा तर्जनीवर फिरत होता, वात वळावी तसा. मनगटातली पाटली प्लास्टिकच्या खणावर आपटत होती. मी हात उचलला, थांबला. खाली सोडला, पुन्हा सुरू. माझ्याच हाताला मी म्हटलं, "गप रे!" ऐकेना.

म्हातारा जवळ आला. गेले काही रविवार टायमर वाजायच्या आधी त्याला हे दिसत होतं. आधी त्याला वाटलं, मॅचची भीती असेल, मग त्यानंच नवऱ्याला फोन केला आणि दोघांनी ठरवलं, शांत उभं राहिल्यावर मोकळा हात तिचा तिलाच दिसू दे. "टीममधली जागा कुणाला दिलेली नाही," तो म्हणाला, "पण आधी डॉक्टर." आणि तो पलीकडे जाऊन उगाचच लक्ष्यांचे कागद आवरायला लागला.

नवरा खुर्चीवरून उठून माझ्या शेजारी उभा राहिला.

"तुला कधीपासून माहीत होतं?" मी विचारलं.

"गणपतीपासून. टीव्ही बघताना दिसायचं."

"मग सांगितलं का नाहीस मला?"

"तू बघायला हात उचललास की तो थांबतो, मग मी दाखवणार काय? आणि तुला वाटलं असतं, पिस्तूल सोडवायला मी आजार काढलाय."

वाटलंच असतं. दुसरं काय वाटणार होतं? मला भयंकर भीती वाटली. इतकी की राग करायचंही सुचेना. मी डावा हात उजव्या हातात घट्ट धरला.

"यात काही नसेल, असं म्हण ना," मी म्हटलं.

त्यानं तोंड उघडलं आणि मिटलं. इतके दिवस मला बेमालूम फसवणाऱ्या त्या माणसाला तेवढी एक थाप काही मारता आली नाही.