वाहेदभाईंनी ठोकून पाहिलेली जीप

राजापेठेत कुणालाही जुनी गाडी घ्यायची असली की आधी ती वाहेदभाईंकडे यायची. वाहेदभाई डेंटर. गंजलेला पत्रा कापायचा, नवा जोडायचा, यात चाळीस वर्षं गेली. पण त्यांचं नाव होतं ते कानामुळे. हातोडीनं गाडीच्या तळाला हलकेच ठोकायचे आणि सांगायचे, "इथं पत्रा बोलते. इथं मुका झाला." मुका म्हणजे आतून सडलेला. मग वरून रंग कितीही झकास असो, गिऱ्हाईक सौदा सोडून घरी जायचं.

आता चाळीस वर्षं पत्रा ठोकल्यावर कानांचं जे व्हायचं ते झालंच. ते फक्त त्यांच्या बायकोला, कुलसुमबींना ठाऊक. कुणी काही बोललं की वाहेदभाई मान हलवून "हो, हो" म्हणत. लोकांना तरी दुसरं काय ऐकायचं असतं! दोन वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही.

उन्हाळ्यात भातकुलीचे खुशालराव विकत घ्यायची म्हणून एक जुनी जीप दाखवायला आले. सोबत ती विकून देणारा दलाल, मनोज. वाहेदभाईंनी तळ ठोकला. एका जागी हाताला जरा मऊ लागलं, हे खरं. पण तळाला डांबर थापलं होतं, त्याचाच तो मऊपणा असेल, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. डांबर खरवडून बघायला हवं होतं. पण तसं बाकीचे डेंटर बघतात. वाहेदभाई कानानं बघतात, हा त्यांचा तोरा. "बोलते पत्रा, घ्या बिनधास्त," ते म्हणाले. ऐकू काहीच आलं नव्हतं.

महिन्याभरात तिवस्याच्या रस्त्यावर जीप खड्ड्यात आदळली आणि खुशालरावांच्या बायकोचा, गोदाबाईंचा पाय तळातून आरपार गेला. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत सोलून निघाला.

खुशालरावांनी जीप ट्रॅक्टरला बांधून परत आणली. भांडले नाहीत. वाहेदभाईंनी डांबर खरवडलं, तर खाली पत्रा कसला, भिजलेला पापड! शरमेनं त्यांची मान वर होईना. चांगला पत्रा लागेपर्यंत कापत जायचं आणि मगच नवा जोडायचा, म्हणून त्यांनी ग्राइंडर चालवला. तो थांबला तेव्हा खुशालरावांनी काहीतरी विचारलं. वाहेदभाईंना नुसतं पुटपुटल्यासारखं वाटलं.

"हो, हो," ते खाली मान घालूनच म्हणाले.

खुशालरावांनी ट्रॅक्टर पुन्हा जवळ घेतला. मग अर्धवट कापलेली जीप दोर लावून ओढत घेऊन निघाले.

"भाऊ, काहून नेता? तळ राह्यला ना!" वाहेदभाई मागून ओरडले. खुशालरावांनी वळूनही पाहिलं नाही.

कुलसुमबी चहा घेऊन दारातच उभ्या होत्या. त्या नवऱ्याच्या कानाशी तोंड नेऊन ओरडल्या, "तुमने हो कायको बोला? वो पूछ रहे थे, तुम उस मनोज से मिले हुए थे क्या!"

वाहेदभाईंना वाटलं, भातकुलीला जाऊन सांगावं का, की भाऊ, मी बेइमान नाही, बहिरा आहे? पण बहिऱ्याकडे गाडी तपासायला कोण आणणार? आज जाऊ, उद्या जाऊ करण्यात चार दिवस गेले. त्या चार दिवसांत दुकानात एक गाडी आली नाही, आणि एरवी हाक मारून पुढे जाणारी माणसं रस्त्याच्या पलीकडून जाऊ लागली.

पाचव्या दिवशी मनोज आला. नवा रंग मारलेली व्हॅन, आणि सोबत ती घेणारी माधवी नावाची मास्तरीण. मनोजनं वाहेदभाईंना बाजूला घेतलं आणि खांद्यावर हात टाकून अगदी कानात म्हणाला, "भातकुलीवाला सांगत फिरून राह्यला, तुमी माह्या बाजूचे हाय म्हनून. मले तं ठाऊकच नोतं! आता तसंच समजू."

हे मात्र त्यांना शब्दन्‌शब्द ऐकू आलं. हात उगारून याला हाकलून द्यावं, असं त्यांना फार वाटलं. पण चार दिवसांनंतर दुकानात आलेली ही एकच गाडी होती. बाई विश्वासानं त्यांच्याकडे बघत होती.

वाहेदभाई व्हॅनखाली वाकले. दोन ठोके दिले, जरा वेळ ऐकल्यासारखं केलं आणि उठले.

"घेऊन टाका, बाई," ते म्हणाले.