सहाला पाच कमी

तळमजल्यावरच्या काकूंना जाऊन आता महिना झाला. त्या होत्या तोवर हे लिहायचं नाही, असं मी ठरवलं होतं.

बोळिंजच्या आमच्या इमारतीत पहिला फोन काकूंकडे आला. आम्ही तिसऱ्या मजल्यावर. आमचा अर्ज टेलिफोनच्या कचेरीत वर्षानुवर्षं पडून राहिला, आणि पुढे फोन सहज मिळू लागले तेव्हा बाबा म्हणाले, "कशाला? काकूंचा आहे की." बाबांच्या पेन्शनच्या कागदांवर, माझ्या कॉलेजच्या ग्रंथालयातल्या नोकरीच्या अर्जावर, सगळीकडे आम्ही काकूंचाच नंबर लिहायचो आणि पुढे पी.पी. अशी दोन अक्षरं. शेजाऱ्यांचा फोन आहे, बोलावून देतील, एवढाच त्याचा अर्थ. कुणी "तुमचा नंबर?" विचारलं की माझ्या तोंडून तोच यायचा.

आमच्यासाठी फोन आला की काकू म्हणायच्या, "थांबा हं, ठेवू नका." रिसीव्हर क्रोशाच्या रुमालावर आडवा ठेवायच्या आणि जिन्याच्या तोंडाशी येऊन हाक मारायच्या. मी खाली पोचेपर्यंत पलीकडचं माणूस थांबलेलं असे. आई गेली तेव्हा मामांचा फोन असाच मी त्या रुमालावरून उचलला होता.

माझा धाकटा भाऊ मालवाहू जहाजावर होता. जहाज बंदराला लागलं की तो कार्ड विकत घ्यायचा आणि तिथल्या बूथवरून काकूंकडे फोन करायचा. नंतर दोन-दोन महिने काही नाही. तो समुद्रावर असला की आमच्याकडून त्याला गाठायची सोय नव्हती.

बाबांना वसईच्या दवाखान्यात हलवलं त्याच्या चौथ्या दिवशी डॉक्टरांनी मला व्हरांड्यात बोलावलं. हळू आवाजात बोलले. जवळच्यांना कळवून ठेवा, म्हणाले. जवळचं म्हणजे मी आणि तो. बाबांना ते कुणी सांगितलं नव्हतं, पण त्या दिवसापासून त्यांनी बाकीचं काही विचारणं सोडलं. डोळे उघडले की एकच शब्द.

"आला?"

म्हणजे त्याचा फोन.

दवाखान्याचा फोन तळमजल्यावर, आणि रस्ता खणल्यामुळे तोही आठवडाभर बंद. म्हणून मी विरारला जाऊन एक जुना मोबाइल आणि नवीन सिमकार्ड घेतलं. बाबांच्या उशाशी ठेवायला. दुकानदाराने नंबर एका चिठ्ठीवर लिहून दिला. मी पुस्तकांत वाढलेली बाई. महत्त्वाचा कागद हरवू नये म्हणून ती चिठ्ठी घरी कपाटात, बाबांच्या फायलीत नीट लावून ठेवली आणि कपाटाला कुलूप घातलं. नंबर पाठ करावा असं सुचलंसुद्धा नाही. आपला नंबर आपल्याला माहीत असतोच, अशी माझी समजूत असावी. आणि तो मला माहीत होता. फक्त तो काकूंचा होता.

दोन दिवसांत मामांना, कॉलेजला, रक्तपेढीला फोन करून त्यातले पैसे संपत आले. काकूंच्या फोनला लावायला गेलं की तेवढे पैसे नाहीत, असं बाई इंग्रजीत सांगायची. म्हणून त्या संध्याकाळी साडेपाचला मी समोरच्या बूथवर जाऊन काकूंना फोन केला.

"अगं, कुठे होतीस?" काकू जवळजवळ ओरडल्याच. "आत्ता दहा मिनिटांपूर्वी बाळाचा फोन होता! मी सांगितलं त्याला सगळं. रडला गं. जहाज सातला सुटतंय, मग पंधरा-वीस दिवस पाणीच. सहाला परत करतो म्हणाला. तुझ्या त्या मोबाइलचा नंबर दे, म्हणजे तो थेट बाबांशीच बोलेल. सांग, पेन्सिल घेऊन बसलेय."

मी तोंड उघडलं. आत काही नव्हतं.

"काकू, मी... पाच मिनिटांत सांगते."

"सहाच्या आत सांग हो. वेंधळी कुठली."

घरी जाऊन यायचं तर रिक्षाने तासभर. घराची किल्ली काकूंकडे होती, कपाटाची माझ्या पर्समध्ये. बूथवाल्याला मी मोबाइल दाखवून विचारलं, "यात याचा नंबर कुठे असतो?" तो हसला. "मॅडम, तुमचा नंबर तुम्हालाच माहीत नाही?" मग माझ्याकडे बघून त्याचं हसू गेलं. म्हणाला, मेन्यूत बघा, असतो कधीकधी.

मी वर आले. बाबांच्या खाटेशी उभी राहून एकेक बटण दाबत गेले. घड्याळ, गजर, खेळ, आवाज. खूप आत, नावांच्या यादीखाली, 'ओन नंबर' असं एक कलम सापडलं. ते उघडलं. कोरं होतं. ज्याचा फोन त्यानेच तिथे नंबर भरायचा असतो, हे मला नंतर कळलं. पाठीमागचं झाकण काढलं, बॅटरी काढली, सिमकार्डावर बारीक आकडे होते. ते उतरवून घेतले आणि मोजले तर एकोणीस निघाले. तो नंबर नव्हता. बॅटरी परत बसवली, फोन चालू व्हायला लागला तो वेळ मला आजही आठवतो. खिडकीबाहेर गिरीजच्या बाजूची केळीची वाडी होती, कुणी तरी पाटाचं पाणी फिरवत होतं. निवांत.

सिस्टरकडे स्वतःचा मोबाइल नव्हता, त्यांना त्यातलं काही कळेना. "डॉक्टर राउंडला सातला येतील, त्यांच्याकडे आहे," त्या म्हणाल्या.

शेजारच्या खाटेवर अर्नाळ्याचे एक नाखवा होते. त्यांची बायको कधीपासून माझ्याकडे बघत होती.

"काय गो पोरी, काय शोधतेस कवापासून?"

मी सांगितलं. सगळंच सांगितलं, भाऊ, जहाज, सहा वाजता. तिने कमरेच्या पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला मोबाइल काढला.

"यात मिस कॉल दी ना. दिसंल तुजा नंबर."

"तुमचा नंबर सांगा, मावशी."

"माजा नंबर? तो मला कुठं ठावं? मला कोन विचारतं?"

दोन बायका, दोन फोन, आणि एकीलाही आपला नंबर माहीत नाही. तिला हसू आलं. मला रडू आलं. नाखवा डोळे न उघडताच म्हणाले, "थोरल्याला लाव. एक नंबर दाबून धर."

मोठ्या मुलाने तिच्या फोनात एकच गोष्ट करून दिली होती: एक आकडा दाबून धरला की त्याला फोन लागायचा. तो बंदरावर होता. ती मोठ्याने बोलू लागली. "अरे, माजा नंबर काय? माजा, माजा! बापूस बरा हाय. पयला नंबर सांग, कारन मंग सांगते!" तो सांगत गेला, ती एकेक आकडा ओरडत गेली, मी बाबांच्या औषधाच्या चिठ्ठीमागे लिहीत गेले. मध्ये आवाज तुटला. पुन्हा पहिल्यापासून. मग मी माझ्या फोनवरून तो नंबर लावला. तिच्या हातातला फोन वाजला आणि पडद्यावर दहा आकडे उजळले.

माझा नंबर. मी तो औषधांच्या नावांवरच मोठ्या आकड्यांत लिहिला. भिंतीवरच्या घड्याळात सहाला पाच कमी होते.

"माज्याच फोनवरून सांग त्या काकूला," मावशी म्हणाली. "खाली नको धावूस."

मी काकूंचा नंबर लावला. तो मला झोपेतही आला असता.

एंगेज.

पुन्हा लावला. एंगेज. वाटलं, काकूंच्या मुलीचा फोन असेल, ठेवतील. पुन्हा. सहा वाजले. बाबांनी डोळे उघडले.

"आला?"

"येतोय, बाबा. लाइन लागतेय."

त्यांनी हात चादरीबाहेर काढला आणि तळवा वर करून ठेवला, म्हणजे फोन त्यात द्यायला सोपं जावं. मी मावशीच्या फोनवरून लावत राहिले. किती वेळा ते माहीत नाही. प्रत्येक वेळी तोच तुटक आवाज. माझा मोबाइल बाबांच्या उशाशी गप्प होता. सव्वासहा झाले तेव्हा मी भिंतीला टेकले. मावशीने माझ्या हातातून फोन घेतला आणि तीच बटण दाबत राहिली.

सहा वीसला लागला.

"अगं, आहेस कुठे तू?" काकू रडत होत्या. "त्याचा फोन मघाच आला, सहाच्या आधीच. घाईत होता बिचारा. मी म्हटलं, थांब हं, ठेवू नकोस, तिचा फोन येतोच आहे नंबर सांगायला. रिसीव्हर बाजूला ठेवला आणि तुझ्या फोनची वाट बघत बसले. मधून मधून रिसीव्हरकडे तोंड करून सांगत होते त्याला, येईलच हं, येईलच. मग आतून टुंई टुंई यायला लागलं. कार्ड संपलं वाटतं गं त्याचं. मी नाही हो कापला. मी धरूनच ठेवला होता."

काकू फोनशेजारी बसून त्याच फोनवर माझी हाक यायची वाट बघत होत्या. पंधरा वर्षं आमच्यासाठी जे केलं, तेच त्यांनी त्या दिवशीही केलं होतं. रिसीव्हर आडवा ठेवला होता आणि माणूस थांबवून ठेवलं होतं.

"नंबर सांग, लिहून घेते," काकू म्हणाल्या. "परत केला तर."

मी दहाही आकडे सांगितले. त्यांनी ते परत वाचून दाखवले.

सातपर्यंत मी मोबाइल हातात धरून होते. सात वाजून गेल्यावर बाबा म्हणाले, "राहू दे. सुटलं असेल त्याचं जहाज." आणि वर करून ठेवलेला तळवा त्यांनी सावकाश पालथा केला. दुसऱ्या दिवशी सकाळी, मी गुळण्यांसाठी कोमट पाणी आणायला गेले होते तेव्हा, ते गेले.

भाऊ तीन आठवड्यांनी बोलला. पुढच्या बंदरावरून, थेट माझ्या मोबाइलवर. रडून झाल्यावर म्हणाला, "ताई, मी खूप ओरडलो गं. काकू, काकू, म्हणून. त्यांना ऐकूच जाईना. सगळं घर ऐकलं मी त्यांचं. कुकरच्या शिट्ट्या. घड्याळाचे ठोके. जिन्यात कुणी तरी चप्पल घासत वर गेलं. मला वाटलं तूच उतरतेयस."

त्याच्या आधी, तेराव्याला, काकू वर आल्या. जिने चढणं त्यांना होत नव्हतं तरी आल्या. माझ्यासमोर खाली बसल्या आणि पदराशी चाळा करत म्हणाल्या, "एक विचारू? खरं सांग. मी त्याला तेव्हा थांबवलं नसतं, तर झालं असतं का गं बोलणं?"

त्यांना कुणी तरी समजावून सांगितलं असावं. किंवा घरी एकट्या बसून त्यांनाच उमगलं असावं.

"नाही, काकू," मी म्हटलं. "मला नंबरच सापडत नव्हता. साडेसहापर्यंत सापडला नाही."

सहा वीसला मी त्यांना तो आकडा आकडा करून सांगितला होता, त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून घेतला होता. ते त्यांना आठवत होतं की नाही, मला कळलं नाही. त्यांनी पदराचं टोक सोडलं. मग म्हणाल्या, "हो ना? तूच वेंधळी."

"मीच," मी म्हटलं.

त्यानंतर आम्ही त्या संध्याकाळविषयी कधी बोललो नाही. गेल्या महिन्यात काकूंच्या मुलीने घर आवरताना फोनखालचा क्रोशाचा रुमाल मला दिला. त्यात घडी घातलेला कागद होता. पेन्सिलीने लिहिलेले माझे दहा आकडे, आणि त्याखाली काकूंच्या अक्षरात वेळ. सहा वीस.