सावद्याला निघालेला रव्याचा डबा

नाशिकरोडला गाडीत बसलो तेव्हा माझ्याजवळ एक कपड्यांची पिशवी, एक पाण्याचा तांब्या आणि वनस्पती तुपाचा एक रिकामा डबा होता. डबा धुळ्याला भरायचा होता आणि सावद्याला पोचवायचा होता. माझी थोरली मुलगी कुसुम सावद्याला दिली आहे. तिचा मुलगा बाळू सव्वा वर्षाचा. तीन महिने त्याचे जुलाब थांबत नव्हते. हातपाय काडीसारखे आणि पोट मात्र फुगलेले, असे तिने कळवले होते. जळगावच्या डॉक्टरांनी औषध देऊन हलके अन्न द्या म्हणून सांगितले. हलके अन्न म्हणजे आमच्या घरात रवा. माझी चारही मुले रव्याच्या खिरीवर वाढली, आणि आजारातून उठलेल्या माणसाला आम्ही आजही पहिला घास रव्याचाच देतो. पण त्या साली गव्हाची टंचाई होती; नाशकात रवा मोजका मिळे आणि सावद्याच्या दुकानांत तर मिळेनासा झाला होता. कुसुमने लिहिले होते, "आप्पा, रवा आणा. बाळूने जरा अंग धरले की त्याला घेऊन तुमच्याबरोबरच येते. आता आहे तसा त्याला गाडीत घालायची मला भीती वाटते."

चाळीसगावला उतरून धुळ्याची गाडी धरायची असते. गाडीची वेळ मी तिघांना विचारली आणि तिघांनीही एकच सांगितली, तरी बाकावर बसवेना. शेवटी एक पागोटेवाले गृहस्थ म्हणाले, "बसा हो भाऊ. तिले धुळ्यालेच जानं शे. दुसरीकडे कोठे जाई ती?"

धुळ्याला माझे मावसभाऊ नाना राहतात. सकाळी वहिनींनी उपमा केला. इकडे त्यात शेंगदाणे सढळ हाताने घालतात आणि हिरवी मिरची त्याहून सढळ. एक वाटी जाड रव्याला अडीच वाट्या उकळते पाणी, हे आमचेच प्रमाण, पण फोडणी शेंगदाण्याच्या तेलाची असल्याने चव निराळी. मी एकच बशी घेतली. रवा पोटाला हलका खरा, पण त्यात कोंडा नसतो. दोन दिवस लागोपाठ खाल्ला की माझा तिसरा दिवस त्रासाचा जातो. नाना म्हणाले, "अरे, तुझा नातू वाहतोय आणि तू अडतोस. दोघांनाही औषध एकच कसं?" सगळे हसले. मीही हसलो.

नानांच्या ओळखीचे एक मारवाडी शेठजी आहेत. त्यांच्याकडे बारीक रवा होता. मी तो तळहातावर घेऊन उन्हात पाहिला, हुंगला आणि दातांखाली कण फोडला. शेठजी म्हणाले, "काय साहेब, सोनं घेताय की रवा?"

"लहान मुलासाठी हवाय. जुना नको."

"मग पाच किलो घेऊन जा. बच्चा पैलवान झाला की पेढे आणा."

कच्चा रवा उन्हाळ्यात लवकर जाळी धरतो. म्हणून वहिनींनी तो सगळा मंद आचेवर, थोडा थोडा घेत, कोरडा भाजून दिला. वास सुटायचा, पण रंग बदलू द्यायचा नाही. पूर्ण गार झाल्याशिवाय मी झाकण लावू दिले नाही. आत वाफ कोंडली की रव्याचे गोळे होतात.

रावेरकडे जाणारी एस. टी. मिळाली. डब्यावर खडूने माझे नाव लिहिले आणि तो टपावर चढवला. एरंडोलला पद्मालयाच्या गणपतीला निघालेले एक मोठे कुटुंब उतरले. कंडक्टर टपावरून ओरडत होता, "बठ्ठा सामान उतारी ल्या! हाऊ डबा तुमना शे का?" खालून चार जण एकदम "हो, हो" म्हणाले. मी खिडकीतून मान बाहेर काढेपर्यंत बस हलली होती. टपावर एक डबा चमकताना मला दिसला आणि मी खाली बसलो.

पुढे जळगाव गेले, भुसावळ गेले. काळी तापलेली शेते मागे पडून तापी ओलांडली की केळीच्या बागा लागतात. उन्हात डोळे मिटू लागलेल्या माणसाला एकाएकी हिरव्या पडद्यामागे बसवावे तसे वाटते. मी मात्र तो देखावा अर्धाच पाहिला. माझे लक्ष टपाकडे होते.

सावद्याला कुसुमच्या ओसरीवर डबा उघडला. आत करड्या रंगाचे पीठ होते. कुसुमच्या सासूबाईंना सगळे गाव अक्का म्हणते. त्यांनी चिमूट तोंडात टाकली. "हे तर कळण्याचं, ज्वारी-उडदाचं पीठ हाये. काय व्याहीबोवा, आता नातवाले भाकर थापू का?"

माझा डबा एरंडोलच्या त्या कुटुंबाबरोबर उतरला होता आणि त्यांचा माझ्याकडे आला होता. मी तसाच स्टँडवर पळालो. सुदैवाने बस चहासाठी थांबली होती. कंडक्टरला सगळे सांगितले. तो म्हणाला, "मना रस्ता तोच शे. विचारस."

बाळूला मांडीवर घेतले तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. तो नुसता कण्हत होता. मुलाचे वजन किती, हे घरात कोणालाच ठाऊक नव्हते. म्हणून दुसऱ्या दिवशी जावईबापूंच्या वखारीत, केळी तोलायच्या काट्यावर, आम्ही त्याला बसवले. सव्वासहा किलो. हमाल गोळा झाले. एक जण म्हणाला, "आप्पा, हा घड अजून कच्चा हाये. मुंबईले नाही चालनार." कुसुमचे डोळे भरले. ते पाहून तो बिचारा ओशाळला आणि आपल्या भाकरीबरोबरचे पिकलेले केळे त्याने बाळूपुढे धरले. बाळूने ते दोन्ही हातांनी ओढून घेतले.

"नको, जड पडेल!" कुसुम म्हणाली. वाहत्या पोटाला केळे नको, हा आमच्या घरचा नियम.

"मग देशील काय?" अक्का म्हणाल्या. "घरात रवा नाही, त्याच्या दूध-पोळीचा गहूबी काल सरला. खाऊ दे त्याले."

रवा येईपर्यंत दुधात कुस्करलेले केळे आणि तांदळाची पेज द्यायची, असे नाइलाजाने ठरले. मी रोज बाहेर पडे. फैजपूर पालथे घातले, रावेरला जाऊन आलो. एक दुकानदार म्हणाला, "आधी मले गहू दाखवा, मग मी तुमाले रवा दाखवतो." दुपारच्या झळा अंगावर घेत परत यायचे, कळण्याची भाकरी ठेच्याशी खायची आणि पुन्हा स्टँडवर जाऊन बसायचे. भाकरी फार सुरेख होती, पण परक्याच्या डब्यातली म्हणून घास जड जाई.

या धावपळीत एक गोष्ट माझ्या ध्यानात उशिरा आली. अंगणातल्या दोरीवर बाळूचे लंगोट वाळत. पहिल्या दिवशी सतरा होते. आठवड्याने मी सहज मोजले, तर पाच. त्याच संध्याकाळी बाळू ओसरीवर रांगत आला आणि त्याने माझी वहाण तोंडात घातली. अक्का म्हणाल्या, "औषध लागू पडलं." मलाही तसेच वाटले.

आणि मग डबा आला. कंडक्टर तो डोक्यावर घेऊन थेट दारात आला. "ल्या भाऊ तुमना रवा. त्यासनी थोडा शिऱ्याले घिदा, देवले दाखाडा, मंग ध्यानमा उनं. माफी मांगी शे." थोड्या रव्याचा शिरा करून देवाला दाखवल्यावर त्यांना चूक कळली होती; डब्यात वर प्रसादाची पुडी होती. मला इतका आनंद झाला की मी त्याला जेवूनच जायला लावले. अक्कांनी लगेच खीर केली. दोन चमचे रवा साजूक तुपावर परतून, दुधात निम्मे पाणी घालून, पातळ शिजवलेली. बाळूला ती आवडली. दोन दिवस दोन्ही वेळा दिली.

तिसऱ्या दिवशी सकाळी दोरी मोजली. अकरा. चौथ्या दिवशी सोळा. पोर पुन्हा कण्हू लागले.

"कुसुम, खीर बंद कर," मी म्हणालो.

"आप्पा, रव्यानं कधी कोणाला बाधलंय का? आम्हाला चौघांना तुम्ही त्यावरच वाढवलंत."

"वाढवलं. पण औषध तेच आहे, पाणी तेच, दूध तेच. बदलला तो फक्त रवा. दोरीकडे बघ."

अक्का चुलीपुढून उठल्या. "म्या घरचं तूप घातलं व्याहीबोवा. काय चुकलं माझं?"

"खिरीत काही चुकलं नाही, अक्का. अशी खीर आमच्याकडेही होत नाही."

त्यांनी माळ्यावरचा पिकलेला केळ्यांचा घड उतरवला आणि माझ्यापुढे ठेवला.

केळे आणि पेज पुन्हा सुरू झाली, आणि आणखी दहा दिवसांनी, निघायच्या दिवशी, बाळूला पुन्हा काट्यावर बसवले. सहा किलो आठशे. केळीच्या काट्यावर मी पैज लावणार नाही, पण माझ्या मांडीला फरक कळत होता. तोच हमाल म्हणाला, "आता भाव येईन!" कुसुम या वेळी हसली. एरंडोलकरांचे अर्धे पीठ आमच्या पोटात गेले होते. अक्कांनी नवे दळून डबा काठोकाठ भरला आणि कंडक्टरच्या हवाली केला. आम्ही भुसावळहून थेट गाडी धरली. माझा रवा माझ्याबरोबर परत निघाला.

नाशिकरोडहून आधी दवाखाना, मग घर, असे मी ठरवले होते. डॉक्टरांनी सगळे ऐकून घेतले. म्हणाले, काही मुलांना गहूच सोसत नाही, मग तो पोळीतला असो की रव्यातला. गहू पूर्ण बंद ठेवा, केळी चालू द्या, महिन्याने पुन्हा दाखवा.

घरी आलो तर दारातच खिरीचा वास आला. सौभाग्यवती वाटी-चमचा घेऊन उभ्या होत्या. "आधी याच्या पोटात दोन घास जाऊ देत. प्रवासानं सुकलाय."

"त्याला रवा द्यायचा नाही," मी म्हणालो.

"रवा? अहो, रव्यानं कुणाचं वाईट झालंय?"

मी पाच बोटे पुढे केली आणि करंगळी मिटली. हिशेब केला तर रवा उत्तमच ठरतो. पाचांत चौघांना तो लाभला. पण आज कडेवर होता तो पाचवा, आणि त्याला त्या चौघांशी काय करायचे होते?

कुसुमने पिशवीतून केळे काढून सोलले. बाळूने दोन्ही हात पुढे केले. सौभाग्यवती वाटीकडे पाहत राहिल्या. "मग हिचं काय करू आता?"

मी वाटी त्यांच्या हातातून घेतली आणि दारातच, वहाणा न काढता, शेवटच्या थेंबापर्यंत खाल्ली. खीर सुरेख झाली होती.