आधीच लिहिलेली कार्डं

ईसीजीच्या जेलीचा वास अजून माझ्या नाकातून गेलेला नाही. सत्तरच्या दशकात नागपूरच्या एका दवाखान्यात मी ईसीजी काढायचो. छातीवर जेली चोपडायची, रबरी फुग्यांच्या वाट्या चिकटवायच्या, यंत्रातून निघालेली कागदी पट्टी कापून रोग्याच्या कार्डावर डकवायची. कार्डावर ‘तक्रार’ असा रकाना होता. येणारे बहुतेक छातीचेच, म्हणून मी सकाळीच गठ्ठा घेऊन प्रत्येक कार्डावर ‘छातीत दुखणे’ लिहून ठेवायचो. या हुशारीवर मी भलताच खूश होतो.

एका दुपारी उमरेडच्या एका विणकराला आणलं. ओकून ओकून अर्धमेला, डोळे घट्ट मिटलेले. बरोबर बायको.

“छाती नाई जी भाऊ, डोकं. मागावर बसले होते, एकदम डोकं फुटून राह्यलं म्हणे. तुमी लिवून घ्या.”

“घेतो,” म्हणालो आणि गठ्ठ्यातलं वरचं कार्ड उचललं. खोडाखोड दिसली की डॉक्टर कार्ड तोंडावर फेकायचे.

पट्टी पाहून मीही चरकलो. एरवी वर उठणारे उंचवटे खाली खोल गेले होते. डॉक्टरांनी आपल्या खोलीत बसूनच पट्टी पाहिली, रकाना वाचला, चहाचा घोट घेतला आणि हार्ट अटॅक ठरवून टाकला. रोग्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. रक्त गोठू नये म्हणून इंजेक्शनं सुरू झाली. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!

बाईनं मला व्हरांड्यात गाठलं. “डोक्याले काहून काही देत नाई जी?”

“डॉक्टरले जास्त समजते, बाई,” मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी त्याची मान ताठ झाली. दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी पाठीच्या कण्यातून पाणी काढलं, ते लाल निघालं. रक्तस्राव मेंदूत होता. त्याचा धक्का हृदयाच्या विजेला बसतो आणि पट्टी हुबेहूब अटॅकसारखी दिसते, असं त्यांनी आम्हाला सांगितलं. आणि आम्ही रक्त पातळ करत बसलो होतो. संध्याकाळी तो गेला.

आमच्या चहावाल्या डॉक्टरांनी कार्डाकडे बोट दाखवलं, मी त्यांच्याकडे. दोघेही सारखेच घाणेरडे. बाईनं फक्त मला विचारलं, “तुमी तर लिवून घेतलं होतं ना जी?”

मी हो म्हणालो.

त्या सकाळी लिहिलेली बरीच कार्डं उरली होती. ती मी फाडली नाहीत. वापरून संपवली.