माझं काळीज भित्रं नव्हतं

"आज इथं नको गं. सोवळं आहे," काकू म्हणाल्या. मागच्या अंगणातला संडास समोरच दिसत होता आणि काकू वाटेत उभ्या होत्या. ओलं लुगडं नेसलेल्या. माझा स्पर्श होऊ नये म्हणून पदर आवरून धरलेला.

महालक्ष्म्यांच्या जेवणाचा दिवस. अमरावतीतलं वकिलांचं घर. मी त्यांच्या ऑफिसात टायपिंग करायची. त्यांना काका म्हणायची, त्यांच्या बायकोला काकू. "तू घरचीच पोरगी," असं दोघंही म्हणत. आमचा अकोल्याकडे भाजीचा मळा. महालक्ष्म्यांच्या नैवेद्याला सोळा भाज्या लागतात. दरवर्षी त्या आमच्या मळ्यातून यायच्या. बाबा निवडून, धुऊन एसटीत ठेवायचे. मी ओसरीवर बसून चिरून द्यायची. आत नेताना काकू भाजीवर पाणी शिंपडून ती शुद्ध करून घ्यायच्या. मी बाहेरच. मला कधी वावगं वाटलं नाही. आपली माणसं म्हटल्यावर कशाला वाटेल?

मला अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे. मोठ्या आतड्याला जखमा होतात. महिनोन्महिने बरं असतं, मग आजार उचल खातो. जुलाब, रक्त, कळा. आणि धडधड. बसल्या जागी छाती अशी उडते की शेजारच्याला ऐकू जाईल असं वाटतं. हे ऑफिसात फक्त काकांना माहीत होतं. कामाला लागताना मीच सांगितलं होतं, मान खाली घालून. "माझ्यापाशीच राहील बेटा," ते म्हणाले होते. माझा विश्वास बसला.

त्या आठवड्यात आजार भरात होता. सुट्टी मागितली तर काकू म्हणाल्या, तुझ्याशिवाय भाज्या कोण चिरणार? गेले. चिरता चिरता धडधड सुरू झाली. उठले तर डोळ्यांपुढे अंधारी आली. भिंत धरून मागच्या दारी पोचले.

"काकू, मले आताच जा लागते. छाती लय धडधडून राहिली."

"ती मनाची धडधड असते. रामाचं नाव घे. अन् चौकात सार्वजनिक आहे नं, तिथं जा." मग जेवायला आलेल्या सवाष्णींकडे वळून, आवाज न दाबता म्हणाल्या, "तिले पोटाचा रोग आहे, रक्त पडते. आपला संडास तिच्यापासून वेगळा ठेव, असं हे म्हणालेच होते मले."

हे म्हणालेच होते.

काका तिथंच मागच्या पडवीत झोपाळ्यावर पेपर वाचत होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी पान उलटलं.

चौकापर्यंत पोचले नाही. फाटकातच सलवार भिजली. रक्तासकट. भर दिवसा, रस्त्यावर. ओढणी कमरेला गुंडाळली आणि ऑटोला हात केला. ऑटोवाल्यानं पाहिलं, सीटवर पोतं टाकलं आणि म्हणाला, "बसा ताई, लवकर बसा."

दवाखान्यात सलाईन लावली. डॉक्टर मॅडम नाडी बघत होत्या. मी आधीच सांगून टाकलं, "मी भित्री आहे मॅडम, म्हणून धडधडते."

"कोणी सांगितलं? अंगातलं पाणी गेलंय, रक्त गेलंय. उरलेलं सगळीकडे पोचवायला हृदय जोरात पळतंय. रक्त जात असताना अशी धडधड झाली, चक्कर आली, तर घरी बसायचं नाही. लगेच यायचं."

मी रडले. दुखत होतं म्हणून नाही. इतकी वर्षं मी या काळजाला भेकड म्हणत आले होते. ते मला जगवायला पळत होतं. मी त्याची लाज वाटून घेत होते, आणि ज्यांना लाज वाटायला हवी होती ते निवांत पेपर वाचत होते.

काकांचा फोन आला. "बेटा, काकूचा स्वभाव तुला माहीत आहे. मनावर घेऊ नको. सोमवारी ये, मोठी तारीख आहे."

"काका, मी तुमाले एकट्याले सांगतलं होतं."

"बायकोपासून काय लपवायचं?"

"माह्या रोगाचा एवढा इटाळ होते, मंग माह्या हातची भाजी काहून चालते तुमाले?"

"सोमवारची तारीख तेवढी सांभाळ, बेटा."

"मी येत नाई काका. आता कधीच येत नाई."

आता मी अकोल्यात दुसऱ्या ऑफिसात आहे. आजार आहेच. धडधड सुरू झाली की काम टाकते, आडवी होते, मीठ-साखरेचं पाणी घोट घोट पिते. थांबली नाही, किंवा रक्त दिसलं, तर दवाखाना गाठते. कुणाची परवानगी मागत नाही. पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर साहेबांना म्हटलं, "मले आतड्याचा आजार आहे. घडीघडी संडासले जा लागते. कुठं आहे तो?"

साहेब चपापले. "हे आपण नंतर आत बोलू," हळूच म्हणाले.

"नाई साहेब. इथंच सांगा."

त्यांनी हात करून दाखवला. माझ्या आजाराबद्दल मी यापुढे कुणाच्या कानात काही सांगणार नाही. जे सांगायचं ते चारचौघांत, मोठ्यानं सांगीन. ज्याला ऐकवत नसेल त्यानं उठून जावं. मी उठणार नाही.