गाल फुगवलेला अल्बम

आमच्या ठकीचा अल्बम चाळताना एका पाहुणीने विचारलं होतं, "हिला लहानपणी दम्याचा त्रास होता का?"

त्रास दम्याचा नव्हता, वडिलांचा होता. ठकीचे बाबा दवाखान्यात एक्स-रे काढतात. दिवसभर "श्वास घ्या, रोखून धरा, हलू नका" करून घरी आले की कॅमेरा हातात घेतात, पण तोंडातली वाक्यं काही बदलत नाहीत. त्यामुळे पहिल्या वाढदिवसापासून ते शाळेच्या नव्या दप्तरापर्यंत प्रत्येक फोटोत ठकीचे गाल टम्म, डोळे वटारलेले. जणू आत्ता विहिरीत बुडी मारणार आहे.

मी यावर पोट धरून हसायची. माझ्या फोटोंना मात्र कुणी हसत नाही, कारण त्यांत कुणी नसतंच. पोर काही गोड करायला लागली की मला आधी तिच्यामागची उशी दिसते. उशी सरळ करते, खुर्चीवरचा ओला टॉवेल उचलते, सांडलेली बिस्किटं वेचते आणि कॅमेरा लावते, तोवर ठकी स्वयंपाकघरात पोचलेली असते. ती रांगत होती त्या काळातला आमचा हॉल माझ्याकडे फार सुरेख टिपलेला आहे. कॉलेजात मी इतिहास घेतला होता. घरचा इतिहास मी असा झाडून काढला.

गेल्या महिन्यात ठकी सायकलवरून पडली. उजवं मनगट बघता बघता सुजलं. दवाखान्यात नेलं, तर एक्स-रेच्या खोलीत कामावर हेच होते. रोज परक्या माणसांचे दुखरे हात अलगद उचलून ठेवणाऱ्या या माणसाने लेकीचा हात टेबलावर तीनदा ठेवून पाहिला. मग मला शिशाचा जड एप्रन घालून तिच्याजवळ उभं केलं आणि हे काचेपलीकडे गेले.

ठकीने सवयीने गाल फुगवले.

"अगं, हाताला श्वास रोखायचा नसतो," पलीकडून हे म्हणाले. "खुशाल बोल. हात तेवढा हलवू नकोस."

"काय बोलू?"

"काहीही."

ठकीने इकडेतिकडे बघितलं. "बाबा, आई इथलंपण आवरतेय."

खरंच आवरत होते. भीती वाटली की माझे हात कामाला लागतात. भिंतीवर वाकडे टांगलेले दुसरे एप्रन मी सरळ करत होते. ठकी खुदकन हसली, काचेमागे हेही हसले, हात टेबलावर गप्प राहिला आणि मशीन वाजलं.

पडद्यावर मनगट उमटलं. हाडाच्या टोकाशी आडवी काळी फट, अगदी स्पष्ट.

"अहो, मोडलंय हो."

असं कुणी म्हटलं की यांचं ठरलेलं उत्तर असतं, "ते डॉक्टर सांगतील." सख्ख्या आत्याच्या गुडघ्यालाही त्यांनी तेच ऐकवलं होतं. आताही तेच येणार म्हणून मी उभी. श्वास रोखला होता तो मीच.

"बाकीचं डॉक्टर सांगतील," हे म्हणाले, "पण ही फट मोडल्याची नाही. वाढत्या मुलांना असतेच. हाड इथून वाढतं. मूल मोठं झालं की बुजते."

"म्हणजे मी इथून वाढतेय?" ठकीने विचारलं.

"इथूनपण."

डॉक्टर म्हणाले, हाड शाबूत आहे, नुसतं मुरगळलंय. पट्टी बांधून आम्ही घरी आलो. संध्याकाळी हे त्या एक्स-रेची फिल्म घेऊन आले आणि उजेडासमोर धरून कितीतरी वेळ बघत बसले.

"इतकी वर्षं हिच्यामागे कॅमेरा घेऊन धावलो," म्हणाले, "वाढताना सापडली ती या एकाच फोटोत."

"बाबा, खिडकीला लावू या," ठकी म्हणाली.

"थांबा, आधी काच पुसते," म्हणत मी फडकं आणायला गेले. येऊन बघते तर बापलेकींनी फिल्म चिकटवूनसुद्धा टाकली होती. काचेवरचे ठकीच्या बोटांचे डाग फिल्मखाली कायमचे अडकले आहेत. येता-जाता माझा हात फडक्याकडे जातो, पण अजून तरी मी ते तसेच ठेवले आहेत.