दीडपट न होणारी हिराआत्या

आधीच सांगते, मी असल्या गोष्टी मानणारी बाई नाही. वालीवला एका कारखान्यात क्वालिटी तपासणीचं काम करते. पंपाचे सुटे भाग मापायचे, मापात बसले नाहीत तर परत पाठवायचे. जे मापता येत नाही ते माझ्या लेखी नाहीच. या सदरातले पिंपळाचे, अमावस्येचे, पांढऱ्या साडीचे किस्से मी जेवणाच्या सुट्टीत मैत्रिणींना वाचून दाखवते आणि आम्ही पोट धरून हसतो. आता माझाच किस्सा आला म्हटल्यावर त्या मला सोडणार नाहीत... असो.

दुसरं म्हणजे, मला दम निघत नाही. व्हॉट्सअॅपवरचे व्हॉइस मेसेज मी दुप्पट वेगाने ऐकते. यूट्यूबवर रेसिपी दीडपट, कीर्तन दीडपट, आणि आमच्या साहेबांच्या सूचना तर दुप्पटच, त्यांना कळलं तर कळू दे. माझा नवरा म्हणतो, हिला देव भेटला तरी ही म्हणेल, आधी मुद्द्याचं बोला. त्याचं काही चुकत नाही.

माझं माहेर नायगाव पूर्वेला, राजावलीच्या अंगाला, खाडी आणि मिठागरांच्या मधे. आम्ही आगरी. भातशेती होती, अजून थोडी आहे. माझ्या वडिलांची बहीण, हिराआत्या, तिथेच आमच्या घरात राहायची. आणि ती धवलारीण होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते – आमच्यात हळदीला, लग्नाला बाई धवले गाते. ही नुसती गाणी नव्हेत. गावच्या देवांना, गेलेल्या माणसांना ती नाव घेऊन मांडवात बोलावते. मग कोणी पुढे यायचं, कोणी हळद लावायची, हे सगळं ती गाण्यातून सांगते आणि माणसं तसं करतात. धवलारीण एक ओळ म्हणते, मागे बसलेली बाई तीच ओळ उचलते, मग पुढची ओळ. भटजी असतात, पण आमच्या जुन्या माणसांना विचाराल तर खरं लग्न धवलारीणच लावते.

आत्या शाळेत गेली नव्हती. पण भाईंदरपासून विरारपर्यंत तिला बोलावणी यायची. आणि तिला घाई करायची कोणाची छाती नव्हती. एकदा शेजारच्या गावात हळदीला कोणी मोठे पुढारी आले. मागे गाड्यांची रांग. त्यांना नवऱ्यामुलाला हार घालून लगेच निघायचं होतं. मुलाचा बाप आत्याला खुणा करतोय, आटप म्हणून. आत्या डोळे मिटून गातेच आहे, आणि पुढारी हार हातात घेऊन ताटकळत उभे. शेवटी कोणीतरी तिच्या कानाशी जाऊन सांगितलं, तर म्हणाली, "त्यांना घाई हाय त त्यांनी जावा. मना अजून देव बोलवायचे हायेत." पुढारी थांबले. मी तेव्हा कॉलेजात होते, त्या मांडवात होते. आपली आत्या कोण आहे हे मला त्या दिवशी कळलं, आणि खोटं कशाला बोलू, माझी मान चांगली वीतभर उंच झाली.

तिचं रेकॉर्डिंग मी दोन दिवाळ्यांपूर्वी केलं. भर दुपारी, ओटीवर बसून. तिने फोनकडे संशयाने बघितलं, "यो आयकतय का?" विचारलं आणि हळदीचा अख्खा धवला गायली. एकटीच. एरवी तिच्या मागे ओळ उचलायला बारकीकाकू असायची. आमच्या शेजारची, आत्याच्याच वयाची. लग्न होऊन दोघी एकाच आळीत... म्हणजे काकू सून म्हणून आली आणि आत्या लवकर विधवा होऊन माहेरी परतली, तेव्हापासूनची ही जोडी. त्या दिवशी काकू लेकीकडे गेली होती. तरी सवयीने आत्या प्रत्येक ओळीनंतर थोडी थांबत होती. मी विचारलं, मधे का थांबतेस? तर म्हणाली, "ती बारकीची जागा हाय."

मागच्या पावसाळ्यात आत्या गेली. आणि माघात माझ्या भावाच्या, दिनेशच्या मुलीचं लग्न ठरलं. साक्षी, आमच्या घरातली पहिली इंजिनीअर. लहानपणी आत्याच्या मांडीवर झोपायची. तिने बापाला एकच गोष्ट सांगितली होती – डीजे नसला तरी चालेल, हळदीला धवला पाहिजे. दिनेश काकूकडे गेला. काकूला दम्याचा त्रास. ती म्हणाली, "हिरा नाय त मी कोनाचे मागे बोलू? माझा गला तिचेसंगती गेला." आसपासच्या गावांत ज्या एक-दोन धवलारणी उरल्यात त्यांना त्या दिवशी दुसरी लग्नं होती. आमच्या घरात धवलारीण होती आणि आमच्याच मुलीची हळद धवल्याशिवाय, हे काही कोणाच्या घशाखाली उतरेना.

मग रेकॉर्डिंग आठवलं. माझ्या फोनात होतंच. पण ते लांबलचक. हळद दुपारची, नवऱ्यामुलाकडची माणसं उष्टी हळद घेऊन कामणहून येणार, मग जेवणं, मग पोरांचा नाच. दिनेश म्हणाला, "ताई, जरा फास्ट करून घे ना. पब्लिक कंटाळेल." फास्ट करणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ. घरी बसून फोनवर दीडपटचं बटन दाबलं. बटनावर दीड आलं. आवाज होता तसाच.

दुप्पट केलं. बटनावर दोन आलं. आत्या आपल्याच चालीने गातेय. मी साहेबांचा एक मेसेज लावून बघितला, ते टुणटुण उड्या मारत बोलले. परत आत्या. तीच चाल. मी म्हटलं, फोन हँग झाला असेल, आणि सोडून दिलं.

हळदीच्या दिवशी साउंडवाल्या निलेशला सांगितलं. विरारचा निलेश, आमच्या गावातले सगळे कार्यक्रम तोच करतो, कामाला पक्का. तो म्हणाला, "ताई, हे तर काहीच नाही. एक वेबसाइट आहे, फाइल टाकायची, स्पीड टाकायचा, डाउनलोड करायची. आवाज पातळ पण होणार नाही." मांडवातच लॅपटॉप उघडून त्याने फाइल चढवली, दीडपट केली, उतरवून घेतली. नवी फाइल खरंच छोटी झाली होती, लांबी लिहून आली होती तशी. त्याने हेडफोन लावला आणि ऐकत राहिला. मग हेडफोन माझ्याकडे दिला. आत्या, तिच्याच चालीने. पडद्यावरची रेघ सरकत शेवटाला जाऊन टेकली आणि आत्याचा धवला अजून पुरा व्हायचा होता. रेघ संपली, गाणं चालू.

निलेशने दुसरी वेबसाइट काढली. मग तिसरी. मग म्हणाला, थांबा, उलटं करून बघतो, आणि अर्ध्या वेगावर टाकलं. तरी तेच. ना पुढे ना मागे. त्याने स्वतःचं एक कोळीगीत दीडपट करून बघितलं, ते धावत सुटलं. तो माझ्याकडे बघून हसायला गेला आणि त्याला हसू आलं नाही. "ताई, कॅशेचा काहीतरी प्रॉब्लेम असेल," म्हणाला. मीही मान डोलवली. कॅशे म्हणजे काय ते मला तेव्हाही माहीत नव्हतं.

तोवर कामणची माणसं आली. साक्षी पाटावर बसली. दिनेश घाईला आलेला, म्हणाला, "लाव तशीच. हाय तशी लाव." निलेशने मूळ फाइल लावली आणि स्पीकरमधून हिराआत्याचा आवाज मांडवात आला.

पहिली पाच मिनिटं माणसं फोन काढून बसली होती, हे कबूल केलं पाहिजे. मागे पोरं कुजबुजत होती. आत्या देवांना बोलावत होती, खाडीकाठचे, वेशीवरचे, मग आमच्या घरातले गेलेले, माझ्या वडिलांचं नावसुद्धा. ओळ म्हणायची, थांबायची. त्या थांबण्यात मांडव नुसता बसून राहायचा. मला आतून लाज वाटत होती की ती तिथे एकटी गातेय आणि तिच्यामागे कोणी नाही.

आणि मग बारकीकाकूने ओळ उचलली.

ती कडेला खुर्चीवर बसली होती, येणारच नव्हती, साक्षीने जाऊन आणली होती. तिचा आवाज कापत होता, पण ओळ अचूक. आत्याची ओळ, काकूची ओळ. फोन खाली गेले. आत्याने गायलं,

ये गो आई मांडवान,
हलद लाव लेकीला

आणि काकूने ते उचललं तशी माझी भावजय उठली आणि तिने साक्षीच्या गालाला हळद लावली. मग मामी, मग मावशी. म्हाताऱ्या मावशीला चटईवरून उठायला वेळ लागला, गुडघे धरत उठली, पाटापर्यंत आली, आणि तोवर पुढची ओळ आली नाही. मला वाटलं योगायोग. मग काकूला खोकल्याची उबळ आली. ओळीच्या मधेच. ती खोकत होती, पाणी प्यायली, परत पहिल्यापासून ओळ म्हणाली... आणि तोवर आत्या थांबली होती. काकूची ओळ पुरी झाल्यावरच तिने पुढची सुरू केली.

मी निलेशकडे बघितलं. त्याचे दोन्ही हात वर होते, मी कशालाही हात लावला नाही असं दाखवत. लॅपटॉपवर रेघ सरकत होती.

मग आत्याने गायलं,

ये गो आत्या मांडवान,
हलद लाव भाचीला

साक्षीची आत्या म्हणजे मी. मी हळदीची वाटी घेऊन उभी राहिले आणि काकूची वाट बघितली. काकूने तोंड उघडलं. श्वास आलाच नाही. तिने छातीवर हात ठेवला आणि माझ्याकडे बघून मान हलवली, मला जमत नाही म्हणून. मांडव शांत. स्पीकर शांत. मला वाटलं आता आत्या पुढे जाईल, रेकॉर्डिंगच ते, किती थांबणार. ती गेली नाही. साक्षी पाटावर बसून माझ्याकडे बघत होती. सगळे माझ्याकडे बघत होते. इतका वेळ मी आयुष्यात कोणासाठी थांबले नसेन आणि कोणी माझ्यासाठी थांबलं नसेल. मला कळलं की मी म्हटल्याशिवाय ती पुढे जाणार नाही.

मी कधी गायले नाही. शाळेत मला प्रार्थनेला मागच्या रांगेत उभं करायचे. पण मी म्हटली ती ओळ. आवाज कसा लागला ते सांगत नाही, व्हिडिओ आहे, तो मी कोणाला दाखवत नाही. ओळ पुरी झाली आणि पुढच्याच श्वासाला स्पीकरमधून आत्या सुरू झाली. तिच्या आवाजात काय होतं ते मला सांगता येत नाही, पण तिचा आनंद मी ओळखते. भात चांगलं आलं की ती अशी बोलायची.

शेवटपर्यंत मी तिच्यामागे म्हटलं. शब्द मला येत होते. कधी पाठ केले नव्हते, पण लहानपणापासून इतक्या मांडवांत ऐकले होते की ते आत कुठेतरी बसून होते. पोरांचा नाच राहिला, जेवणं उशिरा झाली, आणि कामणची एकही बाई जागची उठली नाही. साक्षीच्या होणाऱ्या सासूने डोळे पुसून विचारलं, ह्या गाणाऱ्या कोण? मी म्हटलं, माझी आत्या. मी तिची भाची. एवढ्या तोऱ्यात मी माझी पदवीसुद्धा कधी सांगितलेली नाही.

नंतर धवलारणीचा मान द्यायची वेळ आली. साडी आणि नारळ. दिनेशने ते आत्याच्या फोटोपुढे ठेवायला आणले होते. बारकीकाकूने त्याच्या हातातून घेतले, धापा टाकत माझ्यापर्यंत आली आणि माझ्या ओटीत घातले. म्हणाली, "हिरानी ज्याची वाट बघली त्यालाच द्यायचं."

आता तुम्ही विचाराल, स्पष्टीकरण काय. मी मापं घेणारी बाई, गप्प बसणार नव्हतेच. दुसऱ्या दिवशी मूळ रेकॉर्डिंग आणि मांडवातला व्हिडिओ शेजारी ठेवून ऐकले. रेकॉर्डिंगमध्ये दोन ओळींमधे फक्त एका श्वासाची जागा आहे. 'ये गो आत्या'च्या ओळीनंतरही तेवढीच. व्हिडिओत मात्र मी वाटी घेऊन उभी आहे, उभी आहे, उभीच आहे. निलेश अजून कॅशेच म्हणतो, पण आमच्या घरापुढून जाताना बूट काढून नमस्कार करतो. नवऱ्याचं म्हणणं, लॅपटॉप जुना. मग फोन पण जुना का, असं विचारलं तर तो पेपर उघडून बसतो.

आणखी एक. तेच रेकॉर्डिंग आता फोनवर दीडपट होतं. मी एकदाच दाबून बघितलं. आत्या चिमणीसारखी चिवचिवायला लागली, तसं लगेच बंद केलं आणि मोठ्याने माफी मागितली, स्वयंपाकघरात, एकटीने. तेव्हा का होत नव्हतं आणि आता का होतं, हे मला आजही सांगता येत नाही. कोणाला सांगता येत असेल तर जरूर कळवा, मी ऐकेन. सावकाश ऐकेन.

परवा कामणहून फोन आला. साक्षीच्या सासूच्या भावाच्या घरी हळद आहे. मी म्हटलं, हो, रेकॉर्डिंग पाठवते. पलीकडची बाई म्हणाली, "रेकॉर्डिंग नको. तुम्हीच या."